मसावि शिकवायचाय? आधी आयत मांडायला लावा

मुलांना मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांना बाकी न उरता भागणारी सगळ्यात मोठी संख्या) अवघड जातो असं सगळेच म्हणतात, पण नीट बघितलं तर मसावि तेवढा अवघड नसतोच, त्याच्या आधीचं विभाजकांचं प्रकरण कच्चं राहिलेलं असतं. फळ्यावर व्याख्या लिहायची, पाच वेळा म्हणून घ्यायची, दुसऱ्या दिवशी लगेच सामाईक विभाजक, तिसऱ्या दिवशी मसावि, आणि त्याच आठवड्यात लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दिलेल्या सगळ्या संख्यांनी पूर्ण भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) आला की मग गोंधळाला पारावार नाही. मूल उत्तर काढतं, बऱ्याचदा बरोबरही येतं, पण "१२ आणि १८ चा मसावि ६ आला म्हणजे नेमकं काय झालं?" असं विचारलं की गप्प. माझं सरळ मत आहे, मसाविला जेवढा वेळ देणार त्याच्या दुप्पट वेळ नुसत्या विभाजकांना द्या, पुढचं काम आपोआप हलकं होतं.

सामान फार लागत नाही. चाळीसेक बटणं किंवा खडे किंवा बाटल्यांची झाकणं, एक चौकटींची वही, पेन्सिल, कात्री. बास.

मुलाला १२ बटणं द्या आणि सांगा की ही सगळी वापरून आयत मांड, म्हणजे प्रत्येक रांगेत सारखी बटणं पाहिजेत, एकही उरायला नको न् एकही कमी पडायला नको. विभाजक हा शब्द अजून काढायचाच नाही. बहुतेक मुलं आधी ३ रांगा ४-४ च्या मांडतात, मग २ रांगा ६-६ च्या. १२ ची एकच लांब रांग मात्र पटकन सुचत नाही, किंवा सुचली तरी "हा कुठे आयत, ही तर नुसती रांग" असं म्हणतात, तेव्हा एकच रांग असली तरी चालते असं सांगून टाका, त्यावर वाद घालत बसू नका. आणि मुद्दाम ५-५ च्या रांगा पण करायला सांगा. दोन रांगा होतात आणि २ बटणं हातात राहतात. ही उरलेली दोन बटणं म्हणजेच भागाकारातली बाकी, आणि बाकी उरली म्हणून ५ आपल्या यादीत नाही, हे मुलाच्या तोंडून येऊ द्या, आपण घाई करून सांगायचं नाही. जमलेल्या आयतांइतकेच न जमलेले आयत पण कामाचे असतात, ते पुसून टाकू नका.

जमलेला प्रत्येक आयत चौकटीच्या वहीत काढायचा आणि बाजूंवर आकडे लिहायचे. १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. आता सांगा की हे बाजूंवरचे जे सगळे आकडे आले ना, १, २, ३, ४, ६, १२, हे १२ चे विभाजक. शब्द आता आला, वस्तू आधी बघून झाली. कुणीतरी विचारतंच की ४ रांगा ३-३ च्या हा वेगळा आयत का नाही, तर वही फिरवून दाखवा, तोच आयत आडवा होतो. यातूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळते की विभाजक जोडीजोडीने येतात, एक सापडला की दुसरा त्याच्यासोबत फुकट मिळतो.

मग लगेच १३ बटणं द्या. खूप खटपट होईल, २ च्या रांगा, ३ च्या, ४ च्या, काही केल्या जमत नाही, शेवटी एकच लांब रांग. अशा संख्यांना मूळ संख्या म्हणतात हे इथेच सांगून टाका, वेगळा तास घ्यायची गरज नाही. त्यानंतर १६. यात ४ बाय ४ चा चौरस बनतो आणि दोन्ही बाजू सारख्याच असल्याने ४ एकदाच लिहायचा, म्हणून १, २, ४, ८, १६ असे पाचच विभाजक होतात. इथे एक छान प्रश्न सोडता येतो, ३० पर्यंतच्या कोणकोणत्या संख्यांच्या विभाजकांची संख्या विषम येते? १, ४, ९, १६, २५ एवढ्याच सापडतात आणि मुलांना स्वतःलाच कळतं की अरे ह्या तर सगळ्या वर्गसंख्या. उत्तर आधी सांगून मजा घालवू नका प्लीज. १ बद्दल पण इथेच बोलून घ्या, एका बटणाचा एकच आयत आणि त्याचा विभाजकही एकच, मूळ संख्येला बरोब्बर दोन वेगळे विभाजक लागतात म्हणून १ मूळही नाही आणि संयुक्तही (दोनपेक्षा जास्त विभाजक असलेली) नाही.

अजून एक समज मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो की संख्या मोठी म्हणजे विभाजक जास्त. तो बोलून जात नाही, करून बघितल्यावर जातो. ३० आणि ३१ दोन्हीचे आयत काढायला लावा. ३० चे आठ विभाजक आणि ३१ चे फक्त दोन. ९७ एवढी मोठी संख्या तरी तिचेही दोनच. मग विचारा की १०० च्या आत सगळ्यात जास्त विभाजक कुणाचे? हा प्रश्न दोनचार दिवस घरी चघळायला चांगला आहे. उत्तर एक नाही, ६०, ७२, ८४, ९० आणि ९६ या पाचही संख्यांना १२-१२ विभाजक आहेत. तासाची ६० मिनिटं अर्धी, तिसरा हिस्सा, पाव, पाचवा हिस्सा, सहावा हिस्सा अशी कशीही वाटली तरी पूर्ण मिनिटं येतात, तेच १०० मिनिटांचा तास असता तर तिसरा हिस्सा काढताना अडलं असतं. मुलांना हे भारी आवडतं.

आता बटणं बाजूला ठेवून यादी करायला शिकवायचं. इथे ९० टक्के चुका एकाच कारणाने होतात असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल कदाचित, पण कारण तेच, मूल सुचतील तसे विभाजक लिहित जातं. २४ चे विचारले की २, १२, ६, ४, झालं. ३ आणि ८ राहिले, १ आणि २४ तर आठवलेच नाहीत. उपाय साधा आहे, जोड्या करायच्या आणि क्रमाने चढत जायचं. एकाखाली एक असं लिहायचं, १ सोबत २४, २ सोबत १२, ३ सोबत ८, ४ सोबत ६, मग ५ ने भाग जात नाही, आणि पुढचा ६ तर आधीच उजव्या बाजूला येऊन बसलाय. म्हणजे थांबायचं. डावा आकडा वाढत जातो, उजवा कमी होत जातो, दोघं भेटले की यादी संपली. "कुठे थांबायचं" हे न शिकवल्यामुळे काही मुलं २४ पर्यंत एकेक आकडा तपासत बसतात आणि कंटाळतात, मग गणितच आवडत नाही म्हणतात. ३६ घेतलं तर १-३६, २-१८, ३-१२, ४-९, ५ नाही, ६-६, संपलं, नऊ विभाजक.

ज्याचे पाढे कच्चे आहेत त्याचं काय? त्याला पाढ्यांचा तक्ता समोर द्या. खरंच द्या. आत्ता आपण विभाजक शिकवतोय, पाढ्यांची परीक्षा घेत नाहीये, आणि तक्त्यात २४ कुठेकुठे आलाय ते शोधता शोधता पाढे पण पक्के होतात. भाग जातो का हे पटकन ओळखायच्या कसोट्यांपैकी २, ५, १० च्या तर मुलांना येतातच, ३ ची मात्र जरूर करून घ्या, अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात असेल तर त्या संख्येला ३ ने भाग जातो, कारण ५१ आणि ५७ बघून भलेभले "मूळ संख्या" म्हणून मोकळे होतात, आणि ५१ म्हणजे ३ गुणिले १७, ५७ म्हणजे ३ गुणिले १९.

विभाजक आणि पट यांची अदलाबदल हा दुसरा मोठा घोटाळा. ६ चे विभाजक लिही म्हटलं की ६, १२, १८, २४ सुरू. त्यासाठी एक खेळ सांगते, दोघांत खेळायचा, आणि वर्कशीटपेक्षा शंभरपट कामाचा आहे. १ ते ४० आकडे कागदावर लिहा. पहिल्याने कुठलीही सम संख्या खोडायची. दुसऱ्याने त्या संख्येचा विभाजक किंवा तिची पट खोडायची, पण आधी खोडलेली नको. मग पहिल्याने या नव्या संख्येचा विभाजक किंवा पट. ज्याला खोडायला काही सापडत नाही तो हरला. एक म्हणतो २४, दुसरा ८, पहिला ४०, दुसरा ५, असं चालतं. थोडे डाव झाले की मुलांच्या लक्षात येतं की १ खोडला की हरलोच, कारण समोरचा ३७ खोडतो आणि ३७ ला १ आणि ३७ सोडून दुसरा विभाजक नाही, ४० च्या आत पटही नाही. मग २३, २९, ३१, ३७ हे आकडे मुलं आपणहून शोधून ठेवतात. वरची पोरं असतील तर १ ते १०० घ्या. या खेळात प्रत्येक वेळी "तू विभाजक घेतलास का पट?" एवढं फक्त विचारत राहायचं.

हे सगळं झाल्यावर मसावि. इथेही सुरुवात व्याख्येने नको. चौकटीच्या वहीत १२ चौकटी रुंद आणि १८ चौकटी लांब असा आयत काढा आणि सांगा, हा आयत एकाच मापाच्या चौरस तुकड्यांनी पूर्ण झाकायचा, तुकडा मोडायचा नाही, बाहेर जायला नको, मध्ये फट नको. तुकडा केवढ्याचा घेता येईल? १ बाय १ चे तर बसतातच, २१६ लागतील. २ चे बसतात, ५४. ३ चे बसतात, २४. ४ चा घेतला तर १२ च्या बाजूला मस्त तीन बसतात पण १८ च्या बाजूला चार बसून २ चौकटी उरतात, नाही जमत. ९ चा घेतला तर उलटं, १८ ला बसतो, १२ ला नाही. आणि ६ चा दोन्हीकडे बसतो, फक्त ६ तुकड्यात काम फत्ते. म्हणजे तुकडा दोन्ही बाजूंना चालला पाहिजे, हे झालं सामाईक, आणि चालणाऱ्यांपैकी सगळ्यात मोठा कुठला, हा झाला मसावि. एवढं चित्र डोक्यात बसलं की महत्तम सामाईक विभाजक हे लांबलचक नाव घाबरवत नाही.

मग हेच याद्यांवर. १२ ची जोड्यांची यादी, १८ ची जोड्यांची यादी, आणि एकमेकांत घुसलेली दोन वर्तुळं काढायची. मधल्या भागात १, २, ३, ६, डावीकडे उरलेले ४ आणि १२, उजवीकडे ९ आणि १८. ४ आणि ९ नेमके तेच, जे मघाशी एका बाजूला बसत होते आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे मुलांना दाखवून द्या, तिथे चेहरे उजळतात.

उदाहरणं निवडताना जरा विचार करा, कारण पुस्तकात लागोपाठ १२-१८, १६-२४, २०-३० अशीच येतात आणि मुलांना वाटतं मसावि नेहमी मधलाच कुठलातरी आकडा असतो. ६ आणि २४ द्या, मसावि ६, लहान संख्या स्वतःच उत्तर. काही मुलं ३ लिहितात कारण त्यांना वाटतं उत्तर दोन्हीपेक्षा लहान असायलाच हवं. ८ आणि १५ द्या, यात दोन्हीपैकी एकही मूळ संख्या नाही तरी मसावि १ येतो. इथे "उत्तर नाही" किंवा ० असं लिहिणारी मुलं हमखास भेटतात, त्यांना ८ बाय १५ चा आयत काढून विचारा की तुकडा बसतच नाही का? बसतो की, १ चा. तीन संख्या पण द्या एकदा, १२, १८ आणि ३०, मसावि ६.

आता पडताळा. ही गोष्ट फार कमी जण शिकवतात आणि मला विचाराल तर पूर्ण प्रकरणातली सगळ्यात उपयोगी हीच. आलेल्या उत्तराने दोन्ही संख्यांना भागायचं आणि जे दोन आकडे मिळतील त्यांच्यात १ सोडून काही सामाईक उरलंय का बघायचं. २४ आणि ३६ चा मसावि कुणी ६ काढला, तर २४ भागिले ६ म्हणजे ४, ३६ भागिले ६ म्हणजे ६, आणि ४ व ६ ला अजून २ ने भाग जातोय, म्हणजे काम अर्धवट, त्या २ ने ६ ला गुणा, १२. आता २ आणि ३ मिळतात, सामाईक काही नाही, झालं. यामुळे चूक खोडून पुन्हा पहिल्यापासून करायची गरज पडत नाही, चुकीच्या उत्तरावरूनच बरोबर उत्तराकडे जाता येतं, आणि मुलाला स्वतःलाच कळतं की आपलं बरोबर आहे का, आपल्याकडे वही घेऊन यायला लागत नाही.

याद्यांची पद्धत मोठ्या संख्यांना जड जाते. ६५ आणि ९१ घ्या. ९१ चे विभाजक मुलांना सापडतच नाहीत. इथे आयत पुन्हा मदतीला येतो. आधी छोट्यावर करून दाखवा, २० बाय १२ चा कागद कापा. त्यातून जमेल तेवढा मोठा चौरस कापायचा, तो १२ बाय १२ चा. उरला ८ बाय १२. त्यातून ८ चा चौरस काढला, उरला ४ बाय ८. त्यातून ४ चे दोन चौरस निघतात, काही उरत नाही. शेवटचा चौरस ४ चा, मसावि ४. हे कागद कापण्याचं काम मुलं अगदी जीव लावून करतात. का चालतं हे विचारलं तर एवढंच सांगा की जी पट्टी २० ला पण पूर्ण बसते आणि १२ ला पण, ती त्यांच्यातल्या फरकाला म्हणजे ८ ला पण पूर्ण बसणारच. मग कागद नसला तरी नुसत्या वजाबाकीने करता येतं, मोठ्यातून लहान वजा करत जायचं आणि दोन्ही सारखे झाले की थांबायचं. ९१ वजा ६५ म्हणजे २६, ६५ वजा २६ म्हणजे ३९, ३९ वजा २६ म्हणजे १३, २६ वजा १३ म्हणजे १३. मसावि १३. विभाजकांची यादी एकदाही न करता! ही युक्ती यूक्लिडची म्हणून ओळखली जाते, इ.स.पू. ३०० च्या सुमाराची, आणि पुढच्या वर्गात भागाकार पद्धत म्हणून जी शिकवतात ती हीच, फक्त एकेकदा वजा करायच्या ऐवजी एकदम भाग देऊन बाकी घेतात. फरकाचा नियम एकदा समजला की लागोपाठच्या दोन संख्यांचा मसावि १ च का येतो हेही लगेच सांगता येतं, फरकच १ आहे.

मूळ अवयवांची पद्धत परीक्षेला लागते त्यामुळे करायलाच लागते, पण ती शेवटी. ३६ म्हणजे २ × २ × ३ × ३ आणि ६० म्हणजे २ × २ × ३ × ५, हे एकाखाली एक लिहून वरच्या प्रत्येक आकड्याला खालचा जोडीदार शोधायचा, एक जोडीदार एकदाच वापरायचा. २ ची जोडी, पुन्हा २ ची जोडी, ३ ची एक जोडी, मसावि १२. मुलं इथे दोन प्रकारे चुकतात, एक तर २ आणि ३ सामाईक म्हणून ६ लिहून मोकळी होतात, नाहीतर दिसतील ते सगळे आकडे गुणून टाकतात. दोन्हीवर औषध म्हणजे वर सांगितलेला पडताळा. दोन्ही संख्या शेजारी लिहून सामाईक आकड्याने भागत खाली यायचं, ती शिडीसारखी पद्धत पण चांगली आहे, फक्त मुलं मध्येच थांबतात, तेवढं बघा.

शाब्दिक उदाहरणात मुलं मसावि आणि लसावि यात अडकतात आणि मग कुठल्यातरी गाईडमध्ये सांगितलेलं असतं की "जास्तीत जास्त" दिसलं की मसावि आणि "कमीत कमी" दिसलं की लसावि. हे शिकवू नका. शब्द बदलला की मूल फसतं. त्यापेक्षा आकडेमोड करायच्या आधी एकच प्रश्न विचारायची सवय लावा, उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं येऊ शकतं का? ४२ मीटर आणि ५६ मीटरच्या दोन दोऱ्यांचे सारख्या लांबीचे तुकडे करायचेत, दोरी वाया घालवायची नाही, तुकडा जास्तीत जास्त केवढा? तुकडा ४२ पेक्षा मोठा होऊच शकत नाही, म्हणजे मसावि, १४ मीटर. हेच उदाहरण फिरवून विचारा, सगळे मिळून कमीत कमी किती तुकडे होतील? आता शब्द "कमीत कमी" आहे पण करायचा मसाविच, आणि उत्तर १४ नाही तर ३ अधिक ४ म्हणजे ७. दुसरीकडे एक घंटा दर ६ मिनिटांनी आणि एक दर ८ मिनिटांनी वाजते, आत्ता एकत्र वाजल्या, परत एकत्र कधी? ६ मिनिटांच्या आत तर शक्यच नाही, म्हणजे लसावि, २४ मिनिटं. आणि मसावि झाल्या झाल्या लगेच लसावि सुरू करू नका हो, मध्ये आठवडाभर जाऊ द्या.

त्या मधल्या आठवड्यात अपूर्णांक घ्या. १८/२४ ला सोपं रूप द्यायचं तर मुलं आधी २ ने भागतात, ९/१२, मग ३ ने, ३/४. ते बरोबरच आहे, तसं करू द्या. मग विचारा की एका फटक्यात करायचं तर कितीने भागायला लागेल? ६, आणि १८ व २४ चा मसावि पण ६. ६५/९१ देऊन बघा, पोरं आधी म्हणतील याला काही होत नाही, मग कुणालातरी वजाबाकीची युक्ती आठवेल, १३ सापडेल आणि ५/७ येईल.